मेश्राम सरांचं डिस्ट्रिब्युटेड घर

मेश्राम सर चालताना बोलत नाहीत. रस्त्यात नमस्कार केला, तर आधी थांबतात, नमस्कार घेतात आणि मग पुन्हा चालू लागतात. चहा पिताना काही विचारलं तर कप खाली ठेवून उत्तर देतात. एकदा मोटारसायकलवरून जाताना त्यांना गाणं म्हणावंसं वाटलं. त्यांनी गाडी कडेला लावली, दोन कडवी म्हटली आणि मग पुढे निघाले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "प्रोसेसर एकच हाये ना मॅडम! त्याच्यावर कितीक लोड टाकाचा?"

सानगडीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि सर संगणक. त्यांचा वर्ग माझ्या शेजारी, मध्ये पातळ भिंत. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रकार मला पाठ झाले आहेत, आणि तेही धानाच्या रोवणीसकट.

"एका बांधीत एकच बाई," सर सांगतात. (बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, धुरा त्याचा बांध, आणि पऱ्हे म्हणजे रोपं.) "तेच रोवते, तेच पऱ्हे आणते, तेच बकरी हाकलते. एकावेळी एकच काम, पण इतक्या लवकर बदलते का धुऱ्यावरच्या मालकाले वाटते, सारं संगंच चालू हाये. हे सिंगल प्रोसेसर. आता त्याच बांधीत आठ बाया घाला. पऱ्ह्यांचा ढीग एकच. दोघींनी एकच जुडी धरली का झालं भांडन! म्हून एक सांगनारी पायजे. हे मल्टिप्रोसेसर."

डिस्ट्रिब्युटेडवर आले की सरांचा आवाज चढतो. "एक बांधी सानगडीले, दुसरी सिहोऱ्याले. ज्याचे पऱ्हे त्याच्यापाशी. मधात फक्त फोन. पन पायनाऱ्याले वाटलं पायजे का वावर एकच हाये!"

सानगडी आणि सिहोरा ही नावं त्यांनी उगाच घेतलेली नसतात. त्यांच्या पत्नी, संघमित्राताई, सिहोऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवतात आणि तिथेच आपल्या म्हाताऱ्या आईजवळ राहतात. घरात माणसं दोनच, तीही दोन तालुक्यांत. ताई शनिवारी येतात, रविवारी जातात. या संसाराला सर डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम म्हणतात, आणि यापेक्षा चांगली सिस्टीम जगात नाही असं दिसेल त्याला पटवून देतात.

ही सिस्टीम चालवायचे त्यांचे कडक नियम आहेत. डेटा दोन्हीकडे सारखा हवा, म्हणून रोज सकाळी फोनवर भाजी ठरते. सिहोऱ्याला वांगी तर सानगडीलाही वांगी. संध्याकाळी दोघं समोर फोन ठेवून एकाच वेळी जेवतात. एकदा तिकडच्या बाजारात दोडके मिळाले नाहीत, तर सरांनी शिजवलेले दोडके शेजारी देऊन टाकले आणि पिठलं टाकलं. शेजारीण आम्हाला हे हसून हसून सांगत होती. आम्हीही हसलो.

प्राथमिक शिक्षकांच्या मागच्या बदल्यांच्या वेळची गोष्ट. ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस होता. नवरा-बायकोला जवळ आणायची सोय त्यात होती. ताईंच्या शाळेत इंटरनेट नव्हतं, म्हणून अर्ज सर भरत होते. फोन धरणं आणि टाइप करणं त्यांना एका वेळी जमत नाही, तेव्हा फोन टेबलावर, स्पीकर चालू. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. मी वह्या तपासत होते.

"अवो, पयल्या नंबरावर सानगडी टाका जी," ताई म्हणाल्या. "मायसाठी एखादी बाई ठेवतो."

"तिच्या हातानं माय जेवन का?"

 म्हातारी पडल्यापासून अंथरुणात होती आणि लेकीशिवाय कोणाच्या हातून घास घेत नव्हती; शनिवारची रात्र तेवढी शेजारणीनं दिलेल्या दुधावर काढायची. तिला सानगडीला आणून पाहिलं, तर आठ दिवस "मले माह्या घरी न्या" म्हणत रडली.

"पन तुमी तिकडं एकटे..."

"मले काय होते वो? आपली सिस्टीम मस्त चालू हाये. तिले कायले हात लावाचा?"

"खरं सांगा, करमते तुमाले?"

"एकदम करमते!" सर म्हणाले आणि ‘बदली नको’वर क्लिक केलं. "झालं. सबमिट."

तिकडे ताईंनी सोडलेला सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला. "बरं जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सर टेबलावरचे कागद आवरू लागले. मला राहवलं नाही. "सर, खरंच करमतं?"

"नाही मॅडम." पहिल्यांदाच ते हातातलं काम न थांबवता बोलले. "कुलूप उघडतो तवा घर खायाले येते. पन ते इकडं आली असती ना, तं घास तोंडात घालताना रोज मायची याद काढून रडली असती. माह्याच्यानं पाहवलं नसतं. म्हून हे डिस्ट्रिब्युटेडचं लावून देल्लं. तिले सांगू नोका."

इतकी वर्षं मी या माणसाच्या संसाराला हसत आले होते. मला स्वतःची लाज वाटली.

त्या शनिवारी बसथांब्यावर संघमित्राताई भेटल्या. पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "मॅडम, तुमी रोज पायता त्यायले. मी नसतो तवा मजेत असतेत ना?"

"मजेत असतात," मी म्हणाले. "तुमची आठवणसुद्धा काढत नाहीत."

त्या खळखळून हसल्या आणि भरभर घराकडे निघाल्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत मी तिथेच उभी राहिले. माझी बस निघून गेली.