नरखेडचं विरजण

दह्यातल्या जंतूंचं गोत्र काढतो, एवढंच विश्वनाथने आईला सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. दोन जंतूंचे डीएनए तापवून त्यांचे धागे सुटे करायचे, एकाचे दुसऱ्याशी किती जुळतात ते बघायचं, पेशीच्या भिंतीतली रसायनं कागदावर चढवून ताडायची, की सख्खा कोण आणि चुलत कोण ते कळतं. होळीच्या सुमारास आईच्या, म्हणजे कुसुमताईंच्या दह्यात त्याला असा एक जंतू सापडला, की तो कुणाच्याच नात्यात बसेना. त्याच्या मार्गदर्शक सरांनी उतावीळपणे भर परिषदेत नवी जात जाहीर करून टाकली. विश्वनाथची डॉक्टरेट जवळजवळ पदरात पडली.

मे महिन्यात प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडला. नळ्या हुडकेश्वरला, घरच्या फ्रिजमध्ये हलवताना नव्या जातीची नळी उन्हाने मेली. विश्वनाथला फिकीर नव्हती. कुसुमताईंनी लग्नात नरखेडहून आणलेलं विरजण घरात जिवंत होतं. सारी गल्ली त्यांच्या तोंडून ते ऐकून होती.

पण ताज्या दह्यातून काढलेला जंतू निघाला प्रयोगशाळेतल्या परदेशी नमुन्याचा सख्खा भाऊ. पुन्हा काढला, पुन्हा तोच.

"महिनाअखेर खरा जंतू दाखवा," सर म्हणाले. "नाहीतर मी परिषदेची माफी मागेन, आणि तुम्ही दुसरा धंदा बघा."

घरी येऊन तो डोक्याला हात लावून बसला. त्याच्या बायकोने, प्रमोदिनीने, सगळं ऐकलं आणि चहाची कपबशी हळूच खाली ठेवली.

"रागावसान नाही तर सांगतो. आई लग्नाले गेल्या होत्या ना, तवा मायाकडून विरजण नासलं. फ्रिजमधल्या तुमच्या एका नळीले दह्याचा वास येत होता. मंग टाकलं थोडं दुधात."

"अवं, तो परदेशी जंतू होता."

"असंन. पण आईनं नावं नाही ठेवली."

विश्वनाथ तसाच आईकडे गेला. "आई, नरखेडले मामाकडे जाऊन तुयं मूळचं विरजण घेऊन येऊ का? कामासाठी पाहिजे."

कुसुमताईंनी तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवलं आणि आधी दार लोटलं.

"तिथं जाऊन काय करतं? लगन होऊन आली अन् पहिल्याच हप्त्यात माया हातून ते नासलं. तुही आजी लय कडक. मंग शेजारच्या मनकर्णाकडून गुपचूप आणलं. तेच आजवर चालून राहिलं."

"मनकर्णामावशीशी तर तू बोलतच नाही."

"म्हणूनच नाही बोलत. बोलणं वाढलं तर विरजणावर येईन ना." त्यांनी त्याच्या हातात वाटी दिली. "मागच्या दारानं जा. अन् सुनेले सांगू नको."

मनकर्णाबाईंच्या मागच्या दारातून प्रमोदिनी पदराखाली त्यांची दह्याने भरलेली वाटी धरून बाहेर येत होती. नवऱ्याला पाहून ती थबकली.

"या मावशीचं दही आपल्या जुन्या दह्यासारखंच लागते," ती पुटपुटली. "म्हटलं, तुमचं काम होईन. आईले सांगू नका."

विश्वनाथने आपली वाटी पाठीमागे लपवली आणि शहाण्यासारखी मान हलवली.

महिनाअखेरीला जंतू टेबलावर होता आणि होळीच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होता. सर खूश झाले. "नाव नरखेडवरून देऊ," ते म्हणाले. "तुमच्या आईंच्या माहेरचा मान आहे." विश्वनाथच्या ओठावर कुही गावाचं नाव आलं होतं, कारण मनकर्णाबाईंचं सासर मूळचं तिथलं. पण डॉक्टरेटही ओठापाशीच आली होती. त्याने नाव गिळलं.

संध्याकाळी तो मनकर्णाबाईंची वाटी परत द्यायला गेला. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात लाडू ठेवले होते. गेला अर्थात मागूनच.

"ये बावा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरच्यायले माया समोरचा दरवाजा कधी दिसतच नाही. माया सासूच्या वक्ताले तुही आजीबी इथूनच वाटी घेऊन येत जाय."