सिदोजीरावांच्या घराण्यात म्हातारपण आले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जो उरात बसोन जन्मापासोन अखंड चौकी देतो, त्या प्राणदेवास दंडवत करोन वर्तमान लिहितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यातील एका बाक्या गडावर सिदोजीराव किल्लेदार नांदत होते. त्यांच्या घराण्याचा मोठा लौकिक ऐसा की, पुरुष अंथरुणास खिळोन मरत नाही. वडील घोड्यावर मांड टाकता टाकता उरावर हात ठेवोन गेले, आणि चुलते सदरेवर बोलता बोलता गेले, आणि थोरले बंधू पुरणपोळीवर तुपाची धार पडत असता पाटावरच कलंडले. लोक म्हणत, पुण्यवंतांचे मरण. घराणे ते मिरवीत असे, आणि भाट ते गात असत.

मग राव पन्नाशीस टेकले, आणि चढण चढता छातीवर जाते ठेविल्यासारखे होवो लागले, आणि कळ डाव्या हाती उतरो लागली. राव मनी समजले, आपली पाळी आली. आणि भ्याले नाहीत, उलट ताठ जाहले. मात्र दर बुरुजापाशी थांबोन चिरे बरे बसले की नाही ऐसे पाहात. त्यांच्या पत्नी सगुणाबाईसाहेब यांनी ओळखिले की ही चिऱ्यांची पाहणी नव्हे, हा दम खाणे आहे. आणि त्र्यंबकभट वैद्यांस आणविले. वैद्यांनी नाडी पाहिली, आणि गुडगुडी, मेजवान्या, लोणची, पालखी, जागरणे, संताप सर्व विचारोन घेतले, आणि म्हणाले, "तीन पुरुष एकाच रीतीने गेले, हे पुण्य नव्हे. गडाच्या एकाच चोरदिंडीने शत्रू तीनदा आत शिरला, आणि दिंडी कोणी बुजविली नाही." मग रक्ताच्या वाटांत पन्हाळीतल्यासारखा गाळ कैसा साचतो ते समजाविले. रावांनी हसोन सांगितले की घराण्याची रीत मोडणे नाही. तेव्हा बाईसाहेब पडद्याआडोन बोलिल्या, "मामंजी पुण्याने गेले म्हणता. मग सासूबाई जन्मभर कोणत्या पापाने रडल्या?"

रावांनी नाडीचा हात पुन्हा वैद्यांपुढे केला. मग वैद्यांनी रावांचाच तळवा रावांच्या उरावर ठेविला. आत हृदय नामे चाकर चालत होता. मातेच्या उदरी असता रुजू जाहला, ना वतन मागितले, ना सणास रजा घेतली. धनी निजला तरी हा जागा. आणि धन्याने त्यास काय दिले, तर धूर पाजिला. रावांचे डोळे भरोन आले. इतकी थोर चाकरी त्यांनी कोणत्याही दरबारी पाहिली नव्हती.

मग गुडगुडी फोडिली, आणि तूप-मीठ आवरिले, आणि काढे वेळेवर घेतले, आणि वैद्यांच्या बेताने आधी सपाटीवर, मग चढणीस पायी चालो लागले. पुढे दसऱ्याच्या दरबारी महाराजांनी आपल्या गुडगुडीची नळी रावांपुढे केली. ती नाकारणे म्हणजे गडावर पाणी सोडणे. रावांनी मुजरा करोन म्हटले, "महाराज, अजून चाकरी करावयाची आहे. धूर माफ असावा." महाराजांनी नळी खाली ठेविली, आणि हळूच म्हणाले, "आमचे आबासाहेबही ऐसेच अवचित गेले." आणि वैद्यांस बोलावणे धाडिले.

राव पुढे सत्तरी ओलांडोन गेले. अधूनमधून कळ येई, काढा वाढे. वैद्य म्हणत, आयुष्य ईश्वराचे, वाट झाडणे आपले. गडकरी लेकरांस पांढऱ्या मिशांचा किल्लेदार दाखवावयास आणीत. शेजारी बाईसाहेब बसत. त्यांचे केस पांढरे होते आणि कपाळी कुंकू होते. ही दोन्ही एके ठायी त्या घराने प्रथमच पाहिली. येणेप्रमाणे जाहले ते लिहिले.