घोडदळ, मार्गे कनेरगाव नाका

कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीत सैन्य कूच करू लागले, की आमच्या शेजारचे पाईकराव काका मोबाइल थांबवतात आणि विचारतात, "मार्गे?"

प्रश्न मोबाइललाच असतो. मोबाइलमधला वाचक मात्र पुढच्याच वाक्यात, तुतारीच्या साथीने, फौज शत्रूच्या तळासमोर नेऊन उभी करणार असतो. काकांना हे अजिबात मान्य नाही. "निघाले तिथून, पोचले इथं. मधी काय इमानात बसून उडाले का? लेखकानं रूट दिला न्हाई म्हंजे त्याला रूट ठाव न्हाई. ठाव न्हाई त सांगून काहून राहिला?"

काका हिंगोलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. या पदाला लोक कंट्रोलर म्हणतात, आणि निवृत्तीनंतरही त्यांचे नाव तेच राहिले. जाळीच्या खिडकीमागे बसून ते ध्वनिक्षेपकावर गाड्यांची घोषणा करत. कुठून, कुठे, मार्गे काय, कोणत्या फलाटावर: या चार गोष्टींत जगातली प्रत्येक घटना सांगता येते असा त्यांचा विश्वास आहे. मी शिक्षणासाठी प्रथम घर सोडले, तेव्हा माझ्या गाडीची घोषणाही त्यांनीच केली होती. त्या आवाजात माझ्याविषयी कोणतीही हळहळ नव्हती. गाडी वेळेवर सुटल्याचे समाधान तेवढे स्पष्ट ऐकू आले.

निवृत्तीच्या वेळी मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये श्राव्य पुस्तकांचे अॅप टाकून दिले. काकांनी त्यातली प्रेमकथा, आरोग्य आणि यशाचे मंत्र ही दालने एकदा उघडून कायमची बंद केली, आणि ते इतिहासात शिरले. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत लढाई असते.

येथे माझी भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या हकिकतीत मी तक्रारदार आहे. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले असून एका संशोधन संस्थेच्या मुलाखतीसाठी घरी अभ्यास करत होते. माझ्या अभ्यासाची खिडकी आणि काकांचा ओटा यांच्यात एक बोळ आहे. त्या बोळातून घोड्यांच्या टापा विनासायास प्रवास करतात. सर्व पुस्तकांतला घोडा एकच आहे, हे काकांच्या आधी माझ्या लक्षात आले. मी सांगितल्यावर त्यांनी तीन निरनिराळ्या लढाया लावून खात्री केली आणि मान डोलावली. "एकच गाडी, नुसती पाटी बदलून राहिलेत."

काकांची समीक्षा मी नाइलाजाने इतकी ऐकली आहे, की तिचे सिद्धान्त मला पाठ आहेत. इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांत ते कडक भेद करतात. इतिहास म्हणजे कंट्रोलरची नोंद: गाडी सुटली, गाडी पोचली. कादंबरी म्हणजे आतल्या प्रवाशांच्या गप्पा. "आता मला सांग, राजा आन राणी महालात दोघंच. दार लावलेलं. मंग ते काय बोलले हे याला कोनी सांगितलं? कंट्रोलर खिडकीत बसलेला असतो, गाडीत न्हाई."

कादंबऱ्यांचेही त्यांनी वर्ग पाडले आहेत. पहिल्या पानापासून तलवार चालते ती विनाथांबा. प्रत्येक गावी सूर्योदयाचे वर्णन करत जाते ती साधी. एका प्रसंगात शिरून तिथेच झोपते ती मुक्कामी. मरणाऱ्या वीराने दीर्घ भाषण केले, तर ते शांतपणे म्हणतात, "याला दवाखान्यात न्या कोनीतरी, अजून लई दम हाय."

त्यांचे सगळेच आक्षेप टिकतात असे नाही. उंट घोड्याच्या दुप्पट वेगाने धावतो, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे उंटाचे पाय लांब असतात. मी लांबी आणि वेग यांचा संबंध समजावून सांगू लागले, तर म्हणाले, "सायंटिस बाई, तुमी कधी उंटावर बसलात का?" मी विचारले, "तुम्ही बसलात?" ते म्हणाले, "मी कंट्रोलर हाय. मला बसायचं काम न्हाई."

आता त्यांच्या श्रवणातील दोन विसंगतींकडे येते. पहिली दिशेची होती. काका ओट्यावर आमच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात; मोबाइलला जोडलेला ध्वनिक्षेपक मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीवर, त्यांच्याकडे पाठ करून ठेवलेला असतो. ऐकणाऱ्याने आवाजाचे तोंड स्वतःपासून दूर का फिरवावे, हे मला समजेना.

दुसरी विसंगती गंभीर होती. पुस्तक ऐन रंगात असताना काका ते मध्येच बंद करत, घसा साफ करत, आणि बसस्थानकावरच्या त्या जुन्या आवाजात घोषणा करत: "लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे सैन्य कनेरगाव नाका इथं थांबलेलं आहे." मग सैन्याने तिथे, म्हणजे आमच्या वाशीम रस्त्यावर, पिठलं-भाकर खाल्ल्याचे, घोड्यांना कयाधू नदीवर पाणी पाजल्याचे, पुसेगावच्या पाटलाने जखमांसाठी हळद पाठवल्याचे सविस्तर सांगून झाले, की ते पुस्तक बरेच पुढे सरकवून पुन्हा सुरू करत.

मी हे सहन करू शकले नाही. प्रयोगातल्या नोंदींचा मधला भाग गाळून त्या जागी स्वतःच्या मनाने काही भरणे याला आमच्याकडे एकच नाव आहे. शिवाय हाच माणूस कादंबरीकारांना पुरावा मागत होता. मी बोळातून म्हणाले, "काका, कनेरगाव नाक्याला सैन्य थांबले याचा साक्षीदार कोण?"

"ढाबा हाय ना तिथं," काका म्हणाले. "इचारून ये."

शेवटी मी बाजारातून चांगले इअरफोन आणून त्यांच्या हातात ठेवले. माझी मुलाखत जवळ आली आहे, मला शांतता हवी आहे, हेही सांगितले. काकांनी डबी उघडून ते उलटसुलट पाहिले.

"चांगले हाईत. पन हे एकाच्याच कानात जातंय, पोरी."

"तुम्ही एकटेच तर ऐकता."

"मी कुटं एकटा," असे म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट केले.

भिंतीपलीकडे रहीमचाचांचे अंगण आहे. काका घोषणा करत त्या गाड्यांपैकी वाशीमची गाडी रहीमचाचा चालवत. मधुमेहाने त्यांची नजर गेली आहे. उजेड आणि सावली एवढेच कळते. पूर्वी ते बसस्थानकावर वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. आता संध्याकाळी अंगणात बाज टाकून ते भिंतीवरून येणारा इतिहास ऐकतात. एकमेकांना ते अजूनही ड्रायव्हर आणि कंट्रोलर म्हणतात.

"मग मधला भाग का गाळता?" मी विचारले.

काकांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हते.

"कसं हाय, हे कादंबरीवाले एका सरदाराला शिव्या देता देता त्याच्या समद्या लोकांवर घसरतेत. लढाई राहते बाजूला. पलीकडं रहीम बसलेला. त्यानं काय करावं, उठून जावं का?" मग म्हणाले, "मी शाळेत होतो तव्हा आमच्या जातीच्या लोकांवर एक धडा होता. मास्तर वाचायला लागले की समदी पोरं मागं वळून माझ्याकडं बघायची. मी आपला पाटीवर रेघा वढायचो. धडा बंद करनारं कोनी नव्हतं."

इअरफोन त्यांनी ठेवून घेतले, पण माझ्या हेतूला हरताळ फासून. दुपारी ते कानांत घालून काका संध्याकाळचा भाग आधीच ऐकू लागले, म्हणजे कुठे थांबायचे हे नेमके कळावे. संध्याकाळी ध्वनिक्षेपक होताच.

त्याच सुमारास एका किल्ल्याच्या वेढ्याची भलीमोठी कादंबरी सुरू झाली. रहीमचाचांनी ती मागून घेतली होती. काकांचे तिच्याबद्दल मत वाईट होते. "निस्ते खड्डे हाईत या रोडला," ते मला म्हणाले. कादंबरी शेवटाकडे आली आणि नेमके काकांना बहिणीच्या घरी, वाशीमला जावे लागले. परत येणे दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांनी मला ओट्यावर बोलावले आणि एका संध्याकाळपुरता कार्यभार सोपवला.

"एक दिवस बंद ठेवला तर?" मी म्हणाले.

"फेरी रद्द करायची न्हाई. ऐक. सरदार किल्ल्याचा दरवाजा उघडतो, तिथं थांबव. तिथून पुढं लई घाण हाय. मंग येतो हत्ती. हत्ती आला की सोड. मधी काईतरी सांग."

"काय सांगू?"

"ते काय मी शिकवायचं? एवढी शिकलीस."

मुलाखतीचीही मी इतकी तयारी केली नव्हती. तेच पुस्तक माझ्या मोबाइलवर घेऊन हत्तीची जागा मी आधी ऐकून ठेवली. संध्याकाळी माझा मोबाइल जोडला, ध्वनिक्षेपक भिंतीवर ठेवला. पलीकडून बाज करकरली. वाचकाने दरवाजा उघडला, मी थांबवले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. मी तो घाईने कापला. फोन कापताच पुस्तक आपोआप सुरू झाले. माझे बोट पडद्यावर पोचेपर्यंत ते वाक्य, दगाबाज सरदारावरून त्याच्या सगळ्या बिरादरीवर गेलेले, स्वच्छ उच्चारांत आणि तुतारीसकट पूर्ण झाले होते.

मी बंद केले. गल्लीत कुकरची शिट्टी झाली.

"बंद काहून केलं, बेटा?" पलीकडून रहीमचाचांनी विचारले.

"तांत्रिक कारण," मी म्हणाले.

"तुला न्हाई जमत ते. इकडं ये."

मी भिंतीजवळ गेले. चाचा बाजेवर मांडी घालून, चेहरा आवाजाच्या दिशेने करून बसले होते.

"सूनबाईनं माझ्या मोबाइलमधी बी हे टाकून दिलंय," ते म्हणाले. "सकाळी मी पूरी किताब ऐकतो. दरवाजा, मंग गालीगलोच, मंग हत्ती. मालूम हाय मला."

"मग संध्याकाळी पुन्हा तेच कशाला?"

"ते कोन ऐकतंय?" चाचा हसले. "कंट्रोलर मधी काय घालतो, ते ऐकतो मी. परवा त्यानं फौजेला पुसेगावात पावसाळाभर मुक्कामी ठेवलं. एका शिपायाची बायको तिथंच बाळंत झाली, लेकराचं बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. या मानसानं नोकरीत माझी गाडी दोन मिनिट थांबू दिली न्हाई, बेटा. मी म्हणायचो, चहा पिऊ दे रे. न्हाई म्हणजे न्हाई. आन आता माझ्यासाठी आख्खी फौज थांबवतो."

मी विचारले, "त्यांना हे माहीत आहे?"

"नक्को. सांगू नको त्याला. दुपारभर कानात दोऱ्या घालून बसतो म्हणे, सूनबाई सांगती. त्याला कळलं की मी समदं ऐकलंय, त बंद करून टाकंल. मंग मी इथं नुसता बसून काय करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका वाशीमहून आले आणि पिशवी खाली न ठेवताच बोळात उभे राहिले.

"हत्ती बराबर आला?"

"बरोबर आला."

"त्याच्या कानावर काई गेलं न्हाई न?"

खोट्या नोंदीबद्दल मला विद्यार्थिदशेपासून तिटकारा आहे. "नाही," मी म्हणाले. "मध्ये सैन्य जेवले, असे सांगितले."

"काय जेवले?"

"तेवढे नाही सांगितले."

काकांनी माझ्याकडे अत्यंत निराशेने पाहिले. "रिकामी गाडी पळवलीस म्हन की."

त्या संध्याकाळी त्यांनी ध्वनिक्षेपक भिंतीवर ठेवला, पण सुरू केला नाही. खुर्ची उचलून थेट भिंतीला लावली.

"ड्रायव्हर," ते म्हणाले, "काल या पोरीनं घाई केली. दरवाजा उघडला खरा, पन हत्ती लगेच कुटं आला? आधी मधी लई झालं."

"मला वाटलंच," पलीकडून रहीमचाचा म्हणाले. "काय झालं?"

"सांगतो. बस नीट."

पलीकडे बाज फरशीवरून भिंतीजवळ ओढल्याचा आवाज आला. मी पुस्तक मिटले आणि खिडकी उघडी ठेवली.