सत्तेचाळीस क्रमांकाची गोपनीयता

माणूस नाशवंत आहे; जपायची असते ती त्याची माहिती. सिविल लाइंसमधल्या एका संशोधन संस्थेचे गोपनीयता अधिकारी नीलकंठराव या तत्त्वाला प्राणापलीकडे जपत. (प्राण अर्थातच इतरांचे.)

संस्थेने अधारतालच्या मराठी मंडळात शिबिर भरवून फॅक्टरीतून रिटायर झालेल्यांच्या छात्या तपासल्या. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे, वर्गणीदारांची नावे पुकारतात तसे, प्रत्येकाचे नाव, वजन आणि रोजच्या बिड्या लाउडस्पीकरवरून जाहीर झाल्या. (हे माहितीचे देशांतर्गत आदानप्रदान, त्याला हरकत नसते.) हीच माहिती परदेशी विद्यापीठाला पाठवताना मात्र नीलकंठरावांनी एकेक नाव काढून तिथे क्रमांक घातला आणि नावांची यादी कुलुपात ठेवली. संस्थेतून आजवर एकही नाव बाहेर गेलेले नाही. माणसे काही गेली, पण तो विभाग वेगळा.

तिकडून पत्र आले : क्रमांक सत्तेचाळीसच्या छातीत गंभीर आजार दिसतो, लगेच उपचार केल्यास बरा होईल. पत्रात कुठेही नाव नाही हे पाहून नीलकंठरावांना भरून आले.

त्याच आठवड्यात शिबिरातले पुंडलिकराव खोकत खोकत ऑफिसात आले.

"साहेब, माझा रिपोर्ट आला का?"

"तुमचं नाव आम्ही काढून टाकलंय. त्या माहितीत आता तुम्ही नाही."

"पण खोकून तर मीच राहिलो ना."

यादी उघडायची तर संबंधिताची लेखी संमती लागते, हे नीलकंठरावांनी समजावले.

"अच्छा, मग आणा, सही करतो."

"कोणत्या क्रमांकासाठी?"

"तो तुम्हीच सांगा ना, भैया."

"तोच तर गोपनीय आहे."

इतकी साधी गोष्ट लोकांना कळू नये, याचे नीलकंठरावांना मनापासून वाईट वाटले.

पावसाळा संपता संपता पुंडलिकराव गेले. संस्थेच्या नियमाप्रमाणे गोपनीयतेचा हक्क फक्त जिवंत माणसाला असतो. त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई मृत्यूचा दाखला घेऊन आल्या, तसे नीलकंठरावांनी तत्परतेने कुलूप काढले. सत्तेचाळीस म्हणजे पुंडलिकरावच निघाले. आजाराचे नाव नीलकंठरावांनी उपचारासकट स्वच्छ अक्षरात लिहून दिले.

"काहून साहेब, आता सांगून राहिले?"

"आता त्यांच्या माहितीला धोका नाही, ताई."

बाईंनी तो कागद घडी करून दाखल्याबरोबर पिशवीत ठेवला. मग ऑटो करून घरी गेल्या.

आजाराचे नाव इथे दिलेले नाही. बाईंना भेटायला येणारा प्रत्येक जण तेवढेच विचारून जातो. त्या कशा आहेत, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुम्हीही नाही.