चुकलेला मांडव

चिंचणीची सभा पाच वाजता होती आणि नवसीचं भाषण सकाळपासून पाठ होत नव्हतं. वाणगावजवळच्या शाळेत बारा वर्षं शिकवणाऱ्या या बाईला पक्षाने एकदम लोकसभेचं तिकीट दिलं होतं. तिला तयार करायला दिल्लीहून गोजराताई आल्या होत्या. तीन वेळा खासदार झालेल्या, आवाज खणखणीत, आणि मांडव दिसला की चढायचं ही वीस वर्षांची सवय.

जीपमध्ये नवसी मान खाली घालून भाषणाचा कागद पाठ करत होती. त्यामुळे नव्या ड्रायव्हरने, चंद्रभानने, चिंचणी सोडून शेजारच्या नवापूरचा रस्ता धरला हे तिला कळलंच नाही. मांडव आला तशा गोजराताई उतरून तडक व्यासपीठावर गेल्या. नवसीने मान वर केली तेव्हा ताईंच्या हातात माइक होता आणि मांडवभर विरोधी पक्षाचे झेंडे.

ती धावत वर गेली. "ताई, उतरा. ही सभा आपली नाय, जिवलीची हाय."

जिवली म्हणजे समोरच्या पक्षाची उमेदवार. ती अजून पोचली नव्हती.

ताईंनी माइकवर हात ठेवला. "आधी का नाही बोललीस?"

"कागद वाचत व्हते."

ताईंनी समोर पाहिलं. कोळणी तासभर बसून कंटाळल्या होत्या. "इथलं एखादं तरी मत तुझं आहे का?"

"एक पन नाय."

"मग घाबरायचं कुणाला? बोल."

माइक हातात आला. कागद जीपमध्येच राहिला होता. नवसीने खरं तेच सांगून टाकलं, "बायांनो, आमी रस्ता चुकलो. जिवलीबाय येईस्तोवर बोलते, मंग जाते."

बाया हसल्या, तशी नवसी दोन पावलं पुढे सरकली. पाड्यावरच्या अडलेल्या बाईला झोळीत घालून दवाखान्यात कसं न्यावं लागलं, ते ती सांगू लागली. पुढची एक कोळीण उठली. "आमच्या नळाला पानी नाय, ते पन सांग दिल्लीत."

अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मग मांडवाच्या टोकाला हाताची घडी घालून उभी असलेली जिवली दिसली आणि नवसीने माइक ताईंकडे देऊन हात मागे बांधले.

जिवली वर आली, आधी गोजराताईंच्या पाया पडली. पक्ष बदलण्याआधी तीही त्यांच्याच हाताखाली बोलायला शिकली होती. मग नवसीला म्हणाली, "बरी बोललीस. पन हात मागं बांधू नको, गुन्हेगारावानी दिसतं."

"तू रागावली नाय?"

"कशी रागावू? येताना चिंचणीला तुझी मानसं उठून चालली व्हती. मीच वर चढले नि बसवली."

"काय बोललीस?"

"नवसी चांगली बाय हाय, बोलले. मत मात्र मला द्या."

गोजराताईंना हसू आवरेना.

निकालात चिंचणीत जिवली पुढे निघाली, नवापुरात नवसी, आणि थोडक्या मतांनी नवसी खासदार झाली. विरोधकांचं हक्काचं नवापूर कसं फोडलं, अशी पक्षाच्या कार्यालयातून खास विचारणा झाली.

गोजराताईंनी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं, "महिनाभर आखणी चालली होती."