पापड गप्प बसला

“आठ दिवसांत कुत्रं गप्प करा, नाहीतर त्याची दुसरीकडं सोय करा,” असं गल्लीचे अध्यक्ष मधुसूदनकाका भर बैठकीत म्हणाले, तेव्हा प्रेरणा ताडकन उठून उभी राहिली. दुसरीकडं म्हणजे वैजापूरला, सासरच्या शेतावर. आणि तिथं मागच्याच महिन्यात बिबट्याचे ठसे दिसले होते.

“रानमांजर होतं ते,” नवरा म्हणाला. शिवमला कशाचीच काळजी वाटत नसे, म्हणून त्याच्या वाटणीचीही काळजी प्रेरणाच करी.

“रानमांजरानं तसं सांगितलं का तुला?”

पापड म्हणजे त्यांचा तांबूस, आखूड पायांचा कुत्रा. आठ महिन्यांची लेक ईरा त्याला समोर बसवल्याशिवाय घास घेत नसे. आणि त्याच ईराची झोप तोच मोडी. स्कूटर, भाजीवाला, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळ्यांना त्याचं उत्तर तयार! एम.एस्सी. झालेल्या प्रेरणानं वही केली. पहिल्याच दिवशी त्रेचाळीस वेळा भुंकल्याची नोंद झाली.

तिनं रात्रंदिवस कुत्र्यांबद्दल वाचून काढलं. ओरडायचं नाही; कुत्र्याला वाटतं, घरचेही साथीला आले. तो थांबला, की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. दोन दिवसांत पापडला सगळं बरोबर उमगलं. आधी भुंकायचं, मग थांबायचं, मग तुकडा मिळतो. भूक लागली की तो तीनदा भुंके, थांबे आणि तिच्या हाताकडं पाही.

“एम.एस्सी. नक्की कुणी केलंय आपल्याकडं?” शिवमनं विचारलं.

प्रेरणानं पद्धत बदलली. आवाज झाला की भुंकायच्या आत सतरंजीवर जाऊन बसायचं, तरच तुकडा. सरावासाठी शिवमला दाराबाहेर उभं केलं. तो ऑफिसातून आला, की जेवणाचं ताट वाढेपर्यंत बेल वाजवत राही. चौथ्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाई कंपाउंडवरून डोकावल्या.

“माय, कुत्रं परवडलं! ती घंटी आवर आता. लई टकुऱ्यात बसलीय माझ्या.”

“अजून चारच दिवस, मावशी.”

“चार दिवसांत मीच भुकायला लागंन!”

आठव्या दिवशी परीक्षा झाली. मधुसूदनकाकांनी तीनदा बेल दाबली, काठी आपटली, शेवटी स्टीलचं ताट फरशीवर पाडलं. पापड उठला, सतरंजीवर गेला आणि पंगतीत पहिला बसलेल्या पाहुण्यासारखा ताठ बसला. प्रेरणाचे डोळेच भरून आले. ईरा पहिल्यांदा पालथी पडली, तेव्हाही ती इतकी फुलली नव्हती.

“मानलं बुवा,” काका म्हणाले. “राहू दे त्याला इथंच.”

तिनं व्हिडिओ फर्दापूरला आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, “आता जावयालाही सतरंजी घाल.”

गुरुवारी नळांचा दिवस होता. दर सहाव्या दिवशी दुपारी नळ येत, पण नेमकी वेळ कधीच ठरलेली नसे. तरी या गल्लीचं पाणी आजवर चुकलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वच्छलाबाई रिकामी घागर घेऊन रस्त्यावर आल्या.

“अगं बया, नळ येऊन गेले की! हौदात थेंब नाय!”

घराघरातून माणसं बाहेर आली. कुणाचीच मोटार लागली नव्हती.

“असं कसं?” काका म्हणाले. “मला तर दर वेळी आपोआप जाग येते.”

“मलाबी आपोआपच येती,” वच्छलाबाई म्हणाल्या.

मग एकेक मान प्रेरणाच्या दाराकडं वळली. पाणी सोडणाऱ्या बन्सीची चावी कोपऱ्यावर खणखणली, की पापड घर डोक्यावर घेई. गल्ली त्याला शिव्या देत दुपारच्या झोपेतून उठे आणि उठलोच आहोत, तर नळ बघू, म्हणून मोटार लावी.

“तीन वाजता तो सतरंजीवर येऊन बसला होता,” प्रेरणा हळूच म्हणाली. “मी त्याला तुकडा दिला. म्हणजे... दोन दिले.”

“आता सहा दिवस काय दुधानं अंघोळ करायची का?” वच्छलाबाई कडाडल्या.

“प्रेरणा, वैजापूरचं नावच काढू नकोस,” काका घाईघाईनं म्हणाले. “फक्त त्याला परत भुंकायला शिकव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली तिच्या अंगणात जमली. वच्छलाबाईंनी घागर बडवली, दोन स्कूटरींनी हॉर्न वाजवले. दर आवाजाला पापड सतरंजीवर आणखी सावरून बसे. अखेर काकांनी पँट वर ओढली, गुडघे टेकले आणि त्याच्यासमोर तोंड नेऊन म्हणाले, “भो! भो भो!”

पापडनं शांतपणे त्यांच्याकडं पाहिलं. प्रेरणाची मान ताठ झाली. शिकवावं तर असं! खांद्यावरच्या ईराला थोपटत ती पुढं झाली.

“काका, जरा हळू. लेकरू आत्ताच झोपलंय.”

“हो, हो,” काका ओशाळून म्हणाले आणि हळू आवाजात भुंकू लागले.