लाल सरकला!

मी एकदा भिंतीवरचा उजेड साबण लावून घासला आहे. आधीच कबूल करून टाकते, नाहीतर आमची मासेवाली हिराबाई सांगेल, आणि ती पदरचं घालून सांगते. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते. अल्लड वय! जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटण्याचं.

शेजारचे यासीनभाई मस्कतची नोकरी संपवून कायमचे गावी आले, ते प्रोजेक्टर घेऊनच. जुबेदाभाभींना पिक्चरचं वेड, म्हणून. पण त्याच वर्षी भाभी गेल्या. खोका कपाटावर तसाच पडून राहिला. पुढे एका रविवारी भाईंनी तो उघडला आणि आम्हाला पिक्चरला बोलावलं.

मी हौसेनं सगळ्यांच्या आधी हजर. पडदे ओढलेले, यासीनभाई आत चहा टाकताहेत, आणि समोर अंधारात काळ्या दिसणाऱ्या अख्ख्या भिंतीवर पांढऱ्या रेषा, पांढरे ठिपके. वाटलं, काय सुरेख ठिपक्यांची रांगोळी रंगवून घेतली आहे! फक्त प्रत्येक रेषेच्या डाव्या कडेला लाल ओघळ. रंगाऱ्याचा हात हलला असणार. मोरीतला साबण आणला, पदर भिजवला आणि लागले घासायला. लाल निघेना. उलट माझ्याच हातावर चढला.

"अहो यासीनभाई, तुमचा रंग कच्चा आहे हो!"

भाई ट्रे घेऊन दारात आले आणि हसता हसता ट्रेसकट खाली बसले. मागून आलेली हिराबाई हसली, आमचे हे तर डोळे पुसायला लागले. भिंतीचा पांढरा चुना मात्र तळहाताएवढा निघाला तो निघालाच. अजूनही त्या जागी आलेल्या नटीला गालगुंड होतं.

मग भाईंनी समजावलं. "आत तीन काचा हायत वैनी. एक लाल, एक हिरवी, एक निळी. तिघी एकावर एक चपखल बसल्या तर पांढरा. एक जरी सरकली, तर कड रंगते. आधी रेषा, मग पिक्चर!"

झालं! त्या दिवसापासून यासीनभाईंना सरकलेलं काही बघवेना. आगरदांड्याला फेरीबोट धक्क्याला लागताना भाई एक डोळा मिटून काठावरून ओरडणार, "अजून उजवीकडे!" माझ्या अंगणात येऊन म्हणणार, "वैनी, टिकली सरकलीय." आणि दर रविवारी पिक्चरच्या नावाखाली आम्हाला रेषा दाखवणार.

"वैनी, लाल सरकला! डावीकडे हाय की न्हाय?"

"डावीकडे काय! लख्ख दिसतंय!"

"लाल नव्हे, निळा," आमचे हे.

"तुम्हाला चाळीस वर्षांत माझी निळी साडी कधी दिसली नाही, आणि आता रेष दिसते होय?"

"माज्या डोल्याला तर बाय सगला पांडराच दिसतो," हिराबाई म्हणायची आणि मुद्दाम उलट्या पक्षाला जाऊन बसायची. असा कल्ला व्हायचा की रस्त्यावरचे लोक विचारायचे, आज मॅच आहे काय? चहाच्या फेऱ्या, खजूर, पुन्हा चहा. आणि पिक्चर? राहिलाच!

मला मात्र ध्यास लागला होता, एक तरी पिक्चर अख्खा बघायचाच. शेवटी एका रविवारी मी सगळ्यांना आधीच फितवलं. भाईंनी विचारताच आम्ही एका सुरात ओरडलो, "पांढरा!"

भाईंचा नाइलाज झाला. लागला की हो पिक्चर! काय तो नाच, काय ती मारामारी! कुणी हूं की चूं केलं नाही. संपल्यावर हिराबाईनं डोळे पुसले, टोपली उचलली. आम्हीही "येतो हं" म्हणून चपला घातल्या. खजुराची बशी तशीच हातात धरून यासीनभाई दारात उभे होते. ते मला आता आठवतं. तेव्हा मी नटाची चाल करून दाखवण्यात गुंग.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "वैनी, लाल सरकला!"

आता मात्र मी इरेला पेटले. त्याच्या पुढच्या रविवारी नवा चष्मा लावून मुद्दाम लवकर गेले. म्हटलं, आज रेषा आपणच जुळवायच्या, वाद नको. दार उघडंच होतं. भाई पाठमोरे उभे, हातात रिमोट. समोरच्या रेषा अशा शुभ्र, की कुठे कणभर रंग नाही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात भाईंनी बटण दाबलं. डाव्या कडेनं लाल हळूच बाहेर आला. भाईंनी एक डोळा मिटून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"चोर!" मी दारातूनच ओरडले. "तुम्हीच सरकवता होय!"

रिमोट हातातून पडला. भाईंनी तो उचलला, झब्ब्याला पुसला. माझ्याकडे बघेनात, मी घासलेल्या त्या भिंतीवरच्या डागाकडेच बघत म्हणाले, "हळू ओ वैनी, हिराबाई येल एवढ्यात. रेषा जुळल्या की सगळी गप बसतात, नि पिक्चर संपला की उठून जातात. आज तुम्हीच सांगा, लाल कुठं सरकवू?"